नानाच्या दुकानात फळीचं माप

परवा धाकट्या नातवानं मोबाईल माझ्या नाकाला लावला. त्यात समुद्र होता आणि लाटेवर एक उघडा पोरगा फळीवर ताठ उभा होता, जणू बैलगाडीत उभा राहून बाजाराला निघालाय. "आज्जी, मला हे शिकायचंय," नातू म्हणाला. "आधी तिथल्या दुकानात जायचं. ते आपली उंची विचारतात, पोहता येतं का विचारतात, आणि मग आपल्या मापाची फळी काढून देतात." मी विचारलं, "चहा देतात का?" म्हणाला, "देत असतील." मी विचारलं, "आणि तो कुठं ठेवतात?" पोरगं माझ्याकडं बघतच राहिलं. आज्जीचं आता काही खरं नाही, असा चेहरा करून ते दुसऱ्या खोलीत गेलं. त्याला काय सांगावं, की फळीच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणारी त्याच्या घराण्यात एक बाई आधीच होऊन गेलीय, आणि ती अजून दात काढून बसलीय. तेव्हा लिहूनच ठेवते. यातलं थोडं फुगवलेलं असेल. पण जे वाचताना सगळ्यात जास्त फुगवल्यासारखं वाटेल, ते खरं धरा.

आमचं गाव चारठाण्याच्या अलीकडं, कोरडं ठणठणीत. पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी दिसणारं चार आण्याचं नाणं. घरात आम्ही बहिणीच बहिणी, आणि त्यात मी सगळ्यांत लांब. इतकी लांब, की मी अंगणात उभी राहिले की छपरावरचे कावळे बाजूला सरकायचे. लांब पोरीला भाकरीही लांबच लागते. म्हणून बापानं एक दिवस मला जिंतूरच्या गाडीत बसवलं, तिथून येलदरीच्या, आणि धरणाकाठी त्याच्या बहिणीच्या दारात सोडून तो पाणीसुद्धा न पिता परत गेला. ही बहीण म्हणजे माझी आत्या, सारजाबाई. अंगानं काडी, पण आवाज असा, की धरणाचा भोंगा बिघडला तर तिला उभी करून काम भागलं असतं. तशी येलदरीत कुणीच कुजबुजत नसे. पावरहाऊसची घरघर दिवसरात्र भिंतींतून चालू असायची, भांड्यांतलं पाणी थरथरायचं, झोपेत दात वाजायचे. त्यामुळं नवरा-बायकोचं गुपितही आजूबाजूच्या सगळ्या घरांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललं जायचं.

आत्याचं घर मासेमारीवर चालायचं. चुलीवर कालवण रटरटायचं, कधी झिंग्याचं, कधी राहूचं, आणि लसूण-मिरचीचा ठसका असा की शेजारच्यांची म्हैस शिंकायची. वाढायची रीत ठरलेली होती. डोकं मामांना, म्हणजे आत्याच्या नवऱ्याला. मधला गर आत्याला. मला शेपूट. वर म्हणायची, "शेपटीत ताकद असती गोदे. मासा पळतो कशावर?" मी शेपट्या खाऊन खाऊन इतकी वाळले, की पाठीमागून बघितलं तर मलाच काटे दिसायचे. पण तक्रार करायची सोय नव्हती. कारण आत्यानं आल्या आल्या सांगून ठेवलं होतं, की बापानं माझ्यासाठी जिंतूरकडचा एक बिजवर बघून ठेवलाय. त्याची पहिली बायको कशानं गेली, हे विचारलं की लोक विषय बदलतात. "हितं कामाची असलीस तर हितं. न्हाई तर बिजवर." आत्या हे रोज म्हणायची, भाकरी थापताना, भाकरीच्याच तालावर.

आणि त्या साली काम आलं ते पाण्यावरचं. धरणाच्या पोटात बुडालेल्या जुन्या बाभळींचा एक ठिय्या, म्हणजे मासे धरायची ठरलेली जागा, आत्याच्या घराकडं होता. बाभळीच्या फांद्यांत मासा मावत नसे. मामा सांगायचे, तिथं जाळं टाकायची गरजच नाही, नुसतं खाकरलं तरी मासे फळीवर चढतात. पावसाळ्यात पाणी मासेमारीला बंद असायचं. पोळा झाला की मच्छीमारांची सोसायटी पाणी उघडायची, आणि त्या पहिल्या सकाळी सूर्य वर येताना चेअरमन काठावर उभा राहून शिट्टी फुंकायचा. शिट्टीच्या वेळी घराचं माणूस आपल्या ठिय्यावर दिसलं, तर ठिय्या वर्षभर त्या घराचा. नाही दिसलं, तर जो तिथं असेल त्याचा. आजारपण, मयत, बाळंतपण, काही चालायचं नाही. आणि मामा नेमके श्रावणात ओल्या दगडावरून घसरून कंबर धरून बाजेवर पडलेले. ज्यावर पालथं पडून ते पाण्यात जायचे ती त्यांची जुनी थर्माकोलची फळी उंदरांनी अशी खाल्ली होती, की तिच्यातून चांदणं दिसावं. आत्याला मूलबाळ नव्हतं. म्हणजे राहिले मी. ठिय्या गेला की आत्याची चूल विझणार, आणि मी बिजवराच्या चुलीपुढं जाऊन बसणार.

मामांनी मला पाणी शिकवलं ते बाजेवर पडल्या पडल्या. समोर ज्वारीचं पोतं आडवं टाकायचं, त्यावर मी पालथी, दोन्ही हातांत रबरी चपला. आमच्याकडं वल्हं नव्हतं. फळीवर छातीनं पडायचं, पाय मागं पाण्यात सोडायचे आणि हातांत घातलेल्या चपलांनी पाणी मागं ढकलत जायचं. मी हवा ढकलत राहायची. पाय खाली आले की आत्या फुंकणीनं पोटरीवर हाणायची. मामा ओरडायचे, "तोंड वर! तोंड वर ठेव, बुडालीस!" मी घराच्या मधोमध, शेणानं सारवलेल्या जमिनीवर, रोज संध्याकाळी बुडत होते. बाजूच्या बायका दारात येऊन बसायच्या आणि मी आज कितव्यांदा मेले यावर वाद घालायच्या.

मग पाणी उघडायच्या आदल्या दिवशी आत्यानं रुमालात पैसे बांधून मला नानाच्या दुकानात पाठवलं. तेवढं एकच दुकान होतं. एसटी जिथं वळसा घेते तिथं, पत्र्याचं. बाहेर ट्रकच्या जुन्या ट्यूबा लटकलेल्या, म्हशीच्या आतड्यांसारख्या काळ्या. आत जाळी, नायलॉनची दोरी, शिशाची वजनं, आणि थर्माकोलचे ढीग. नाना फळी अंगाच्या मापानं करायचा. गिऱ्हाईक पालथं पडलं की हनुवटीपासून गुडघ्यापर्यंत दोरी लावायची, कोळशानं खूण करायची, करवतीनं कापायचं आणि खताच्या पोत्यात शिवून टाकायचं. हात चांगला होता त्याचा. दुकानातच त्याचा मेव्हणा भिवा बसलेला असायचा, आणि अख्ख्या येलदरीला ठाऊक होतं, की भिवाला आमच्या बाभळींचा ठिय्या पाहिजे होता. मलाही ठाऊक होतं. पण फळी दुसरीकडं मिळत नव्हती, आणि आत्याला ते सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बिजवर.

"काय पायजे, लंबू?" नानानं विचारलं. दुकानात रिकामटेकडे गडी पोत्यांवर पसरलेले होते.

"फळी."

"कुणाला?"

"मला."

हसण्याचा असा फुगा फुटला, की बाहेरच्या ट्यूबा हलल्या. नाना हसला नाही. त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, आणि वरपर्यंत पोचायला त्याला वेळ लागला. "पवायला येतं?"

"न्हाई."

"मग फळी कशाला नासायची? गळ्याला धोंडा बांध. तो फुकट हाय, आन बुडवायचं काम नीट करतो."

"फळी द्या, नाना. पैसे आणलेत."

"देतो की. आमी काय न्हाई म्हणायलोत का? पण मापाला पालथं पडावं लागतंय. बाई असो, बाप्या असो." हे खरंच होतं. पण माप घ्यायचं ते आत, जाळ्यांच्या आडोशाला. नानानं भिवाला खूण केली, आणि भिवानं बाकडं उचलून बाहेर रस्त्याला लावलं, जिथं एसटी वळते तिथं. मी परकर-पोलक्यात होते. परकर आणि पोलकं यांच्यामधली पाठ उघडी. मी बाकड्यावर पालथी पडले. तेवढ्यात जिंतूरची गाडी आली, आणि देवाशपथ सांगते, ती थांबली. ड्रायव्हर वाकला, खिडक्या डोक्यांनी भरल्या, कंडक्टर घंटी मारायची विसरला. एक म्हातारी खिडकीतून म्हणाली, "कुणाचं मढं हाय रे?" भिवा म्हणाला, "अजून हुयाचंय, आज्जी. उद्या सकाळी या."

नानानं दोरी घेतली नाही. त्यानं चहा मागवला. वाफा निघणारा काचेचा ग्लास त्यानं दोन बोटांत धरून माझ्या उघड्या पाठीवर ठेवला, कंबरेच्या वर, अगदी मधोमध. "पाण्यावर जो हलला तो गेला," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "ह्यो दुकानाचा कायदा हाय. चहा सांडला तर फळी न्हाई." असा कायदा कुठं नव्हता. भिवाच्या मापाच्या वेळी नव्हता, कुणाच्याच नव्हता. पण पोत्यांवरचे गडी माना हलवू लागले, होय, होय, जुना कायदा हाय, निजामाच्या टायमापासून हाय. नाना म्हणाला, "मी जेवून येतो," आणि खरोखर जेवायला गेला.

आता भाजणं काय असतं ते सांगत बसत नाही. पहिल्यांदा वाटतं चटका आहे, मग वाटतं खिळा आहे, आणि मग तिथं पाठ असल्याचंच विसरायला होतं. त्यापेक्षा वाईट होता भिवा. तो माझ्या तोंडापाशी उकिडवा बसला आणि बिडीचा धूर नाकात सोडू लागला. मी श्वास थांबवला. मग तो पायांकडं गेला आणि कडब्याचं पान घेऊन तळव्यावर फिरवू लागला. "निपचित पडायला तर लय लवकर शिकली, ए," तो गड्यांना सांगत होता, "उद्या पाण्यावर पडली की आपसूक तिरडी. वेगळी बांधायचं कामच न्हाई. लंबू, आत्याला सांग, चार गवऱ्या टाक फळीसंगट, तिकडंच उरकून टाकू." गडी हसत होते. एकानं माझ्यावर बिड्यांचं बंडल लावलं, सांडणार म्हणून. दुसऱ्यानं लावलं, रडणार म्हणून. न सांडण्यावर आणि न रडण्यावर कुणीच लावलं नाही, म्हणून पैज जमेना, आणि त्यावरून त्यांच्यातच भांडण लागलं. मी डोळे मिटून बिजवराचा चेहरा बघत होते. मी त्याला कधी बघितलं नव्हतं, पण त्या बाकड्यावर पडल्या पडल्या त्याच्या मिशीतला केस न् केस मला दिसला. एक मुंगी माझ्या कानात शिरली, आत फिरली, तिला काही सापडलं नसावं, बाहेर आली.

नाना ढेकर देत परत आला. ग्लास तसाच उभा. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा राग दिसला, आणि माझ्या जिभेवर काय बसलं देव जाणे. मी मान न हलवता म्हणाले, "नाना, चहा गार झाला की. पाव्हणीवानी वागवायलाव, तर गरम तरी ठेवा."

गडी नानाकडं वळले. आणि मग जे सुटले! पण हसू आता नानावर होतं. "नाना, पाव्हणी रुसली!" "नाना, साखर बी कमी हाय म्हणती!" "ए नाना, बिस्कूट आन!" त्यांना माझी दया आली होती असं कुणी समजू नये. त्यांना फक्त दुसरं कुत्रं सापडलं होतं. नानानं खरंच दुसरा चहा आणला, स्टोव्हवरून थेट उतरवलेला, आणि त्याच जागेवर ठेवला. आज माझ्या पाठीवर तिथं पांढरा, गोल वण आहे. तेल लावताना सूनबाई विचारते, हे काय सासूबाई, तर मी सांगते, मी गर्भात असताना ग्रहणातला चंद्र बघितला होता आईनं. त्या वेळी मी फक्त दातांनी बाकड्याचं लाकूड धरलं. लाकडावर दातांचे व्रण उठले. दुकान पडेपर्यंत ते बाकडं तिथं होतं, आणि नवीन माणसाला गडी व्रण दाखवून सांगायचे, हितं एकदा मगर बांधली होती.

शेवटी चेअरमनची सायकल रस्त्यानं आली. त्याच्या देखत नानाला गंमत आणखी ताणता येईना. त्यानं ग्लास उचलला, चहा रस्त्यावर ओतला, दोरी लावली, खूण केली, करवत चालवली. "घे. आन उद्या हात वर कर बुडताना, म्हंजी किती डाव बुडालीस ते मोजायला बरं पडतंय." मी फळी डोक्यावर घेऊन निघाले. थर्माकोल हलकं असतं, पण मला वाटलं मी अख्खं धरण डोक्यावर घेऊन चाललेय आणि येलदरी दोन्ही बाजूंनी मुजरा करतेय.

घरी आत्यानं फळी भिंतीला लावली, वितीनं मोजली, परत एकदा मोजली. मला जेवायला वाढलं. त्या दिवशी मधला गर दिला! मी इतकी हरखले, की पाठीचं विसरले. मी मागं भांडी घासायला बसले, आणि आत मामा म्हणाले, त्यांच्या मानानं हळू, म्हणजे शेजारच्या म्हशीला ऐकू जाईल एवढं, "सारजे, आखूड हाय गं ही. वीतभर आखूड कापलीय त्यानं. पोरीचं तोंड पाण्यात जाईल."

"ठावं हाय," आत्या म्हणाली. "दुसरी कुठून आणू आता? तिला बोलू नका. कळलं तर जायची न्हाई."

मी तवा घासत राहिले. तव्याचा आवाज मोठा करत राहिले. बघा, पळून जायला रस्ता होता, एसटी होती, बाप होता. पण बापाच्या घरापुढं बिजवर उभा होता. काठावरून उभ्या उभ्या बघितलं तर दोन्हीकडं पाणीच होतं, आणि धरणाच्या पाण्यावर निदान माझी फळी होती, आखूड का असेना.

सकाळी काठावर सगळी वस्ती. चेअरमन शिट्टी पुसत उभा. मी पाण्यात उतरले, फळीवर पडले, चपला हातात. नातवंडांना मी सांगते, की मी पाणसापासारखी निघाले. इथं खरं सांगते ते असं : प्रत्येक हाताला माझं तोंड पाण्याखाली जात होतं. हात मारला की धरण प्यायचं, हात थांबवला की श्वास घ्यायचा. मी अर्धी येलदरी पिऊन बाभळींपाशी पोचले. भिवा आधीच तिथं होता, लांबलचक, नीट मापाच्या फळीवर, आरामात. त्याला मला मारायची गरज नव्हती. शिट्टीपर्यंत मी तिथं दिसले नाही म्हणजे झालं. त्यानं पाय लांब केला आणि माझ्या फळीचं टोक खाली दाबलं.

"माघारी जा लंबू. बिजवर वाट बघायलाय." त्याला तेही ठाऊक होतं. सांगितलंच ना, येलदरीत कुणी कुजबुजत नसे.

मी खाली गेले. वर आले. त्यानं परत दाबलं. नातवंडांसाठीच्या गोष्टीत मी इथं त्याच्या डोळ्यात डोळे घालते आणि म्हणते, भिवा, मी गेले तर तुला घेऊन जाईन. छान वाक्य आहे. पण मी काही बोलले नाही. तोंडात पाणी होतं. मी बुडत होते, आणि बुडणारं माणूस जे सापडेल ते धरतं. मला सापडली भिवाच्या फळीला आवळलेली दोरी. मी दोन्ही हातांनी धरली, चपला कुठं गेल्या देव जाणे. माझ्या भारानं त्याची फळी कलंडायला लागली. तो घाबरला. हातातल्या चपलेनं त्यानं माझ्या बोटांवर हाणायला सुरुवात केली, सोड, सोड म्हणत, आधी शिव्या देऊन, मग विनवून. मी सोडत नव्हते असं नाही. मला सोडताच येत नव्हतं. बोटं माझी राहिलीच नव्हती. फळी उलटली आणि भिवा पाण्यात पडला. त्याला पोहता येत होतं, तो काठाकडं हात मारत सुटला. सूर्य आला तेव्हा बाभळींवर एकच माणूस होतं, दोन फळ्यांवर आडवं, ओकत असलेलं. चेअरमननं शिट्टी फुंकली.

ठिय्या राहिला. बिजवराला पुढं दुसरी मिळाली, तिचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही. काठावर लोक ओरडत होते, पण त्या सगळ्यांच्या वरून पाण्यावर सरळ चालत आला तो एकच आवाज.

"गोदे! त्याची फळी बी आन गं! सोडू नको, चांगली हाय!"

आणली. कशी आणली ते मला आठवत नाही, पण आणली. माझी बोटं दोरीवरून निघत नव्हती, सुजून काळी पडली होती. आत्या गुडघाभर पाण्यात आली, माझ्यापुढं बसली, आणि तिनं ती एकेक करून उघडली. अगदी हळू, अगदी जपून उघडली, दोरी तुटू नये म्हणून.